विवराभोवतीचा कापूस

धाकटीचं गणित तीन दिवस जुळत नव्हतं. आज पाचच्या आत जुळलं नाही, तर संशोधनातल्या मार्गदर्शक मॅडम तिचा आकड्यांचा तक्ता मागे घेणार होत्या. आकाशातल्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या मंडळींकडे मग दुसऱ्याच कुणाचा तक्ता जाणार. तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

म्हणून ती लॅपटॉप उचलून बाबांच्या गादीच्या दुकानात येऊन बसली. लहानपणापासून तिला इथेच सुचायचं.

"काय बिनसलंय?" उशीला टाके घालता घालता आईनं विचारलं.

"मोठ्या कृष्णविवराभोवती कृष्णपदार्थ असतो, आई. दिसत नाही, पण भार असतो त्याला. विवराच्या जवळ जावं तसा दाट. त्यातून एक छोटं विवर मोठ्याभोवती फेऱ्या घालतं. पदार्थ त्याला मागे ओढतो, त्याचा जोर सरतो, नि ते आत आत जातं."

"मग अडलं कुठं?"

"त्याचा सरलेला जोर कुठं गेला, तेच सापडत नाही!"

"हरवायची खोड जुनीच तुझी. शाळेत छत्र्या हरवल्यास, आता हे!"

दुकानाच्या मधोमध पिंजण्याचं यंत्र. सकाळपासून पिंजलेला कापूस भोवती साचलेला. भिंतीशी विरळ, यंत्राशी गुडघाभर. बाबा तेलाची बाटली घेऊन यंत्राभोवती निघाले. पहिल्या फेरीला धाप लागली, शिव्याही निघाल्या. दुसऱ्या फेरीला पाय सुटले. तिसऱ्या फेरीला तर शीळ!

"बाबा, आधी धाप नि आता शीळ, असं कसं?"

"कसं म्हणजे? कापूस सरकला बाजूला. त्याला काय खिळे ठोकलेत?"

धाकटी बघतच राहिली. खिळेच ठोकले होते तिनं. गणित लवकर उरकावं म्हणून पहिल्याच दिवशी तिनं कृष्णपदार्थाला जागचं हलायची बंदी घातली होती, आणि साफ विसरली होती. छोटं विवर बिचारं धक्के देत होतं. धक्का घेणारं कुणी नव्हतंच.

तिनं पदार्थाला मोकळं सोडलं. आई सुईच्या तालावर गुणगुणू लागली:

सर रे कापसा, वाट दे पावला
तुझीच गादी होईल, थकल्या जिवाला

पडद्यावर छोटं विवर फिरत होतं. त्याचे धक्के खात पदार्थ बाहेर सरकत होता, वाट विरळ होत होती, ओढ कमी पडत होती. छोटं विवर आता सावकाश आत चाललं होतं. आणि त्याचा सरलेला जोर? सगळाच्या सगळा पदार्थाच्या पदरात!

साडेचार वाजले होते. धाकटी धावत सुटली.

"अगं, केस तरी...!" आईचं वाक्य दारातच राहिलं.

मॅडमनी तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर. इकडे जेवढं गेलं, तेवढंच तिकडे आलेलं.

"पाठव," त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून बघत, "आणि हे डोक्यावर काय?"

धाकटीनं केसांतला पुंजका चाचपला.

"पदार्थ, मॅडम. दिसणारा."