पिवळी काच

"ढग उतरले की गॉगलची ही काळी काच काही कामाची नाही हो. पिवळी सायेनच्या खिशात असू दे," एदेलमिरा सासूबाईंनी सकाळीच बजावलं होतं. मागालीने "हो, हो" म्हणत लेकीच्या गॉगलचा पट्टा घट्ट केला आणि पिवळी काच आपल्या खाण्याच्या टपरीच्या फळीवर ठेवून दिली. सात वर्षांची पोर, हरवूनच येईल! शिवाय ज्वालामुखीवर असं लखलखीत ऊन पडलं होतं की बर्फाकडे नुसतं बघितलं तरी डोळ्यांत पाणी यावं. उन्हाने पोरांचे डोळे कसे भाजतात, यावर मागालीने वाचायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. ढगांबद्दल मात्र चकार शब्द वाचला नव्हता. आजी आणि नात स्की खांद्यावर टाकून वर गेल्या.

दुपार कलली. सोपाइपियाच्या पुऱ्या तळता तळता मागालीने मान वर केली तर अख्खा डोंगर गायब!

"वर बर्फ कुठे संपतं नि आकाश कुठे सुरू होतं, पत्ता नाही," एक गिऱ्हाईक हात चोळत म्हणालं.

मागालीने कढई उतरवली, फळीवरची काच उचलली आणि वर जाणाऱ्या रोपवेच्या पाळण्यात जाऊन बसली. वर उतरली तर सगळं पांढरं. सावली म्हणून नाही. पुढे खड्डा आहे की उंचवटा, पाय टेकेपर्यंत कळेना. या असल्या बर्फात काळ्या काचेतून पोरीला काय दिसत असेल?

"सायेन!"

"आई, बाजूला हो! आजी येतेय!"

पांढऱ्यातून सायेन घसरत आली. डोळ्यांवर आजीचा मोठा थोरला पिवळा गॉगल, पार नाकाखालपर्यंत आलेला. खिशातून उकडलेले पिन्योन काढून ती पुढे फेकत होती. तपकिरी बिया जिथे पडायच्या, तिथला उतार दिसायचा.

"आजी, डावीकडे खड्डा! डावीकडे नको म्हटलं ना!"

"अगं हो, मास्तरीणबाई! म्हातारीला श्वास तरी घेऊ दे." मागून सासूबाई आल्या, उघड्या डोळ्यांनी, बियांच्या मागोमाग.

मागालीने लेकीला कवटाळलं. नाक, गाल, गुडघे, सगळं चाचपून पाहिलं.

"सासूबाई, तुम्ही तिचा गॉगल का नाही घातलात?"

"तो माझ्या डोक्यावर? भोपळ्याला बाटलीचं बूच! आणि माझे सगळे पिन्योन उधळलेत तुझ्या लेकीने. आता चहाबरोबर काय खाऊ मी?"

हसत हसत तिघी खाली आल्या. सायेनने टपरीत सगळ्यांना सगळं दोनदा सांगितलं. तेव्हा कुठे मागालीचं लक्ष गेलं. सासूबाई कोपऱ्यात तोंड फिरवून बसल्या होत्या, डोळे लालभडक, धारा लागलेल्या.

"काही नाही गं, वारा लागला नुसता."

वारा कसला, ढगांतूनही बर्फाच्या उजेडाने उघडे डोळे भाजले होते. मागालीने ओला रुमाल त्यांच्या डोळ्यांवर धरला. लेकीला इतकं चाचपलं, पण यांना साधं विचारलंही नव्हतं.

तेव्हापासून टपरीवर येईल त्याला ती सांगते, आणि तुम्हालाही सांगतेय: पोरांकडे तुम्ही बघालच. पण ज्यांनी आपला गॉगल पोरांना दिला, त्यांच्याकडे आज एकदा जाऊन या. "काही नाही गं" म्हणाल्या तरी ऐकू नका, डोळे उजेडात धरून नीट बघा.