दार दाखवा, पुड्या घ्या

पूर ओसरला आणि गल्लीला जुलाबांनी धरलं. शिंप्याचे वडील आप्पा पहाटेपासून अकरा वेळा उठून जाऊन आले. बाराव्या वेळी त्यांनी उठायचाच नाद सोडला.

"जन्मभर लोकांच्या विजारी शिवल्या," ते म्हणाले, "आणि आता माझीच एक धड राहीना."

डोळे खोल गेले होते. हाताला चिमटा काढला तर कातडी चूण घातल्यासारखी उभीच राहत होती.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. दर घरामागे मीठ-साखरेच्या पाच पुड्या, पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांचं एक पाकीट, आणि दारावर खडूची फुली.

"दार कुठंय तुमचं?"

"पुरानं नेलं."

"मग फुली कुठं मारू?"

"भिंतीवर मारा की!"

त्यांनी मारून दाखवली. ओल्या भिंतीवर खडूचा चिखल झाला. "साहेब मागून फुल्या मोजत येतात, दादा. एक कमी भरली की म्हणतात, पुड्या बाईनं पळवल्या. मैत्रिणीची नोकरी गेली माझ्या."

"माझ्या पाठीवर मारा."

"तुम्ही हलता."

शिंपी धावत सुटला. न्हाव्याचं दार निखळून ओट्यावर उन्हात वाळत पडलं होतं.

"ने, पण परत आण," न्हावी म्हणाला. "घरात चोरण्यासारखं काही नाही, तरी अब्रू आहे."

गुडघाभर चिखलातून शिंप्यानं दार डोक्यावर आणलं. त्यावर फुली आधीच होती, म्हणून उलटं करून टेकवलं. नर्सबाईंनी एकदा दाराकडे, एकदा आप्पांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं फुली मारली.

"बादलीला एक गोळी. अर्धा तास झाकून ठेवा, मगच त्यातल्या लिटरभर पाण्यात एक पुडी कालवा. आधी थेंबही देऊ नका."

"सलाईन?"

"दवाखान्यात."

"दवाखाना?"

"पाण्यात," म्हणत त्या पुढच्या घरी गेल्या.

शिंप्यानं बादलीत गोळी टाकली.

"अर्धा तास?" आप्पा पुटपुटले. "आपण गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणायचो, तसला?"

"नाही आप्पा, खरा."

आप्पा हसायला गेले आणि मध्येच थांबले. मग बोललेच नाहीत.

घड्याळही पुरानंच नेलं होतं. शिंपी आकडे मोजत बसला, चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला. शेवटी त्यानं पुडी कालवली. पहिला चमचा गालावरून उशीत गेला. दुसराही.

बाहेरून शेजारीण ओरडली, "भाऊ, दार मोकळं झालं का? आमच्याकडेही सुरू झालंय!"

"न्या, वहिनी."

त्यानं आप्पांचं डोकं मांडीवर घेऊन तिसरा चमचा तोंडात सोडला. "गिळा ना हो."

गळ्याची घाटी हलली नाही. त्यानं चौथा चमचा भरला.