सात मुलांच्या आधीचा घास

‘सैतानाचे पुजारी’ म्हणत लोकांनी ब्राझीलच्या साल्वादोर शहरातल्या जांदिराच्या पंथाच्या देवळावर दगडफेक केली, त्याला वर्ष झालं होतं. जुळ्या देवांच्या सणाला तिने कारुरू, म्हणजे भेंडीचं कालवण, रांधलं. रीत अशी, की आधी सात मुलांनी एका परातीतून खायचं. तोवर मोठ्यांनी चवही घ्यायची नाही. पण भेंडी दिली होती नव्या शेजारणीने, आणि ती हसून हसून देवळाच्या फार चौकशा करायची.

जांदिराने गुपचूप घास तोंडात टाकला. तो धाकट्या बहिणीने, नाईरने, पाहिलाच.

“अगं ताई, मुलांच्या आधी?”

“पोरांना काही झालं म्हणजे?”

“शेजारीण स्वतःची पोरगी घेऊन दारात उभी आहे. सातवी तीच.”

जांदिरा घड्याळाकडे बघत म्हणाली, “अर्धा तास थांबू दे त्यांना.”