शांतवन गवंड्याचा ओळंबा

शांतवन पाटोळे सकाळी अंथरुणात उठून बसले, तर त्यांच्या छातीसमोर वीतभर अंतरावर एक ओळंबा, भिंत सरळ आहे का ते पाहायचं वजन, लटकत होता. पितळी, टोकदार, चांगला घोटलेला. त्याची दोरी छतातून खाली आली होती, पण छताला भोक नव्हतं. शांतवन डावीकडे सरकले, ओळंबाही सरकला. ते मोरीत गेले, तर तोही मागोमाग आला. सगळी हयात गवंडीकामात गेलेली, त्यामुळे आधी त्यांनी माल कसा आहे ते पाहिलं. माल एक नंबर होता. मग त्यांना प्रश्न पडला, की दोरीचं वरचं टोक कुणाच्या हातात आहे?

दीनाबाई, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आल्या. त्यांनी ओळंब्याकडे नीट पाहिलं.

"राहणार आहे का हा? दोरीवर माझी फडकी तरी वाळतील."

"दोरी उभी आहे, दीना."

"मग काय कामाची," म्हणून त्या आत गेल्या.

शांतवन हे चर्चच्या मंडळीचे पंच. दर बुधवारी प्रार्थनासभेत ते उभे राहत आणि डोळे मिटून, चांगल्या खणखणीत आवाजात म्हणत, "प्रभो, मला सरळ कर." म्हणायला फार बरं वाटायचं. देव लगेच कामाला लागेल अशी काही त्यांची अपेक्षा नव्हती.

चर्चच्या आवारात रविवार-शाळेची नवी खोली त्यांनीच बांधली होती. बांधताना ओळंबा लावला नव्हता. "माझी नजर हाच ओळंबा," असं ते जगाला ऐकवत आले होते, आता तो काढायचा कसा? पण नजरेचंही वय होतं. भिंत वरपर्यंत गेली तेव्हा ती खोलीच्या आत दोन बोटं झुकलेली निघाली. पाडावी तर गावभर हसं. मग त्यांनी गवंड्यांचा ठरलेला उद्योग केला. आतून गिलावा खाली जाड, वर पातळ. बाहेरून त्याच्या उलट. भिंत दिसायला सुतासारखी सरळ झाली. वर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटीही बसली. येत्या रविवारी खोलीचं समर्पण होतं आणि त्यानंतर दर आठवड्याला मुलं त्याच भिंतीखाली चटईवर बसणार होती. हे झाकलेलं एकट्या शांतवनना माहीत होतं. आणि आता बहुतेक दोरी धरणाऱ्याला.

त्यांनी कात्री घेतली आणि दोरी कापली. दोरी तुटली. मधे चार बोटं मोकळी जागा पडली, पण ओळंबा जागचा हलला नाही. शांतवननी त्या मोकळ्या जागेत हात घालून पाहिला. तिथं नुकत्याच उतरवलेल्या तव्याजवळ असते तशी ऊब होती. त्यांना भीतीपेक्षा नवलच जास्त वाटलं.

दुपारपासून ते ज्या भिंतीजवळ उभे राहतील ती त्यांच्याकडे दोन बोटं झुकू लागली. आधी घराची, मग वाण्याच्या दुकानाची. वाणी म्हणाला, "पाटोळेमामा, जरा रस्त्यात उभं राहून सांगा काय पाहिजे ते." घरात तर ते ज्या ज्या वेळी भिंतीजवळून जात, त्या त्या वेळी ती आणखी दोन बोटं आत येई. शनिवारपर्यंत दरवाजा लागेना, खाटेवर कूस बदलता येईना आणि पोळी लाटताना दीनाबाईंचं कोपर भिंतीला लागू लागलं.

"अहो, तुमचं काय असेल ते एकदा मिटवा," त्या म्हणाल्या. "मला स्वयंपाकाला जागा उरली नाही."

शांतवन चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावर चढले. दोरी तिथूनही वरच जात होती. परांचीवर काम करताना वरच्या माणसाला ओरडतात तसे ते ओरडले, "सोडा!"

दोरीला एक हलका हिसका बसला, म्हणजे ऐकू गेलं होतं. पण कुणी सोडली नाही.

ते खाली उतरले तर चर्चचे पाळकसाहेब भिंगारदिवे उभे होते.

"शांतवनराव, बुधवारी काय मागता तुम्ही?"

"सरळ कर म्हणतो."

"मग?"

"असं हत्यार घेऊन येईल असं वाटलं नव्हतं, साहेब."

"गवंड्याकडे दुसरं काय घेऊन यायचं?" पाळकसाहेब म्हणाले आणि आपल्या कामाला गेले.

शांतवन पायरीवर बसले. आधी त्यांना राग आला. एवढ्या मोठ्या गावात मीच एक वाकडा सापडलो का? मग त्यांना आपलंच काम आठवलं. परक्याच्या भिंतीला जाऊन कुणी ओळंबा लावत बसत नाही. आपल्या हातची असते, उभी राहावी असं वाटतं, तिलाच लावतात. त्यांनी मान वर करून दोरीकडे पाहिलं. इतके दिवस कुणीतरी हात न अवघडता दोरी धरून होतं.

रविवारी सगळी मंडळी जमली. फीत कापायची वेळ आली तेव्हा शांतवननी कात्रीऐवजी पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला.

"मुलांना बाहेर न्या," ते म्हणाले. "ही भिंत वाकडी आहे. मी ती झाकली. तिला पाडतो आणि परत बांधतो."

मुलांना बाहेर नेलं. त्यांनी पहिला घाव घातला. भिंतीवरून गिलाव्याचा पोपडा पडला आणि त्याच वेळी त्यांच्या खांद्यावरूनही एक पडला. खांदा सोलवटल्यासारखा झोंबला. दुसऱ्या घावाला नावाची पाटी फुटली आणि त्यांच्या पाठीवरचा मोठा थर खाली आला.

"अहो, हे तुमचंही पडतंय," दीनाबाई केरसुणी घेऊन आल्या. "दुखतंय का?"

"फार."

"मग थांबता का?"

"नको. तू फक्त बाजूला हो."

ते घाव घालत राहिले. भिंतीच्या विटा उघड्या पडल्या, वाकड्याच होत्या. पोरं दारातून माना उंचावून बघत होती. शांतवनच्या अंगावर आता फक्त छातीपुरता गिलावा राहिला होता, आणि तिथं तो सगळ्यांत जाड होता.

तेव्हा ओळंबा पहिल्यांदाच आपणहून हलला. वीतभर पुढं आला आणि त्याचं टोक त्यांच्या छातीला टेकलं. शांतवननी सवयीनं बोटाची पेरं आपटून ती जागा वाजवून पाहिली. पोकळ होती, पण दोरीच्या त्या मोकळ्या जागेसारखी ऊबदार. त्यांनी छिन्नी लावली, हातोडा उचलला, आणि खात्रीसाठी आणखी एकदा वाजवून पाहिलं.

आतून कुणीतरी उलट वाजवलं.