अम्मीच्या ओढणीचा तुकडा

उसाच्या चिपाडाचा कोळसा करायचा आणि त्यात वीज साठवायची, तीही कापडावर त्या कोळशाची शाई लावून केलेल्या, वाकणाऱ्या पट्टीत, हे शिफाचं संशोधन. तिच्या गावात, उचगावात, ते कुणाला नीट सांगता येत नसे. विद्यापीठात सांगून भागत नसे, करून दाखवावं लागे, आणि तिथंच घोडं पेंड खात होतं.

पहिली पट्टी अशी जमली की विचारू नका. बोटाभोवती गुंडाळली तरी तिला जोडलेला छोटा दिवा जळतच राहिला. तिचे मार्गदर्शक बुद्धभूषण सर एवढे खूश झाले, की पुण्याच्या परिषदेत ती दाखवायचं त्यांनी कबूल करून टाकलं. ती पट्टी तुटेपर्यंत वाकवून तपासली आणि शिफानं दुसरी करायला घेतली. दुसरी वाकवताच कोळसा झडून टेबलावर मिश्रीसारखा पडला. तिसरीचंही तेच. कोळसा तोच, भट्टी तीच, हातही तेच.

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "जे पुन्हा होत नाही, ते झालंच नाही असं धरायचं असतं." तेव्हापासून शिफाचा स्वतःच्याच डोळ्यांवरचा भरवसा उडाला.

रविवारी ती घरी होती. मुस्कानभाबीचे दिवस भरत आले होते, आणि अम्मी बाळासाठी आपली जुनी सुती ओढणी फाडत बसली होती. बाळाच्या अंगाला पहिलं कापड जुनंच लावायचं, ही रीत. भाबीच्या माहेरून आलेलं कोरं मांजरपाट बाजूला पडलं होतं. शिफाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, तिच्या हातून चहा सांडला. हाताला लागलं ते मांजरपाट घेऊन ती पुसू लागली, तर चहा कापडात शिरेचना, नुसता इकडचा तिकडे पसरला. नव्या कापडाला खळ असते, हे शेंबडं पोरही सांगेल. वैतागून तिनं ओढणीचा तुकडा ओढला. त्यानं सगळा चहा पिऊन टाकला.

शिफा तशीच उकिडवी बसून राहिली. पहिली पट्टी तिनं ह्याच ओढणीच्या आधी फाटलेल्या फडक्यावर केली होती. लॅबमधलं कापड संपलं होतं, आणि घरची चिंधी वापरली म्हणायची लाज वाटून तिनं सरांना 'सुती कापड' एवढंच सांगितलं होतं. पुढच्या पट्ट्या कोऱ्या कापडावर झाल्या. कोळशाची शाई खळीवरच बसली, धाग्यात शिरलीच नाही.

"अम्मी, समदी फाडू नको. मला एक तुकडा पायजे."

"आन बाळाला तुझा कोळसा गुंडाळू व्हय?" अम्मी म्हणाली, पण तुकडा दिला.

सोमवारी शिफानं आधी सरांना सगळं खरं सांगितलं. मग दोन पट्ट्या केल्या, एक ओढणीवर आणि एक खळ जाईपर्यंत उकळलेल्या मांजरपाटावर. वाळल्यावर सरांनी दोन्ही पट्ट्या बोटांभोवती गुंडाळल्या. टेबलावर कणही पडला नाही आणि दोन्ही दिवे जळत राहिले. शिफाच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती स्टुलावर बसली आणि पोटभर रडली.

सरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "पुण्यात मी बोलणार नाही. तू बोल. आणि पहिलं कापड आईच्या ओढणीचं होतं, हे तिथं मोठ्यानं सांग."

"सांगते की, सर," शिफा म्हणाली.