चादरींच्या खोलीतली खुर्ची

मित्रांनो, माझे वय फार नाही. तरी मला स्वतःला जुनी म्हणावे लागते, कारण न वापरताच मी जुनी झाले. मी परळच्या एका मोठ्या रुग्णालयातील खुर्ची आहे. सध्या वॉर्डाशेजारच्या चादरींच्या खोलीत, कुलपाआड, उलटी ठेवलेली. इथे डांबरगोळ्यांचा वास असतो. खिडकी आहे, पण तिच्यासमोर गाठोडी रचली आहेत.

कॉटन ग्रीनच्या एका गाळ्यात मी तयार झाले. पाठ किंचित मागे कललेली, बैठक रुंद. हे सारे कालिंदी मॅडमनी सांगून करवून घेतले होते. त्या पूर्वी याच रुग्णालयात सिस्टर होत्या. आता नर्सिंग कॉलेजात शिकवतात आणि रुग्णांची सेवा करणाऱ्यांच्या स्वास्थ्यावर संशोधन करतात. त्यांचा प्रश्न साधा होता. पाळीभर उभ्या राहणाऱ्या सिस्टरना बसायला चांगली खुर्ची दिली, तर त्यांचा थकवा कमी होतो का? उत्तर आधी ठरवून मग मोजणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. म्हणून मला त्यांच्याविषयी आदर वाटे.

उत्तरावर बरेच अवलंबून होते. वॉर्डात सिस्टर कमी होत्या. रुपाली सिस्टरच्या पोटऱ्यांवरील शिरा दोरीसारख्या फुगल्या होत्या. खुर्चीने भागते असे सिद्ध झाले, तर नव्या सिस्टर नेमण्याची मागणी बंद होईल, असे प्रशासनाने मॅडमना स्पष्ट सांगितले होते. वॉर्डात ही अट कोणाला ठाऊक नव्हती.

मी आले त्या दिवशी वॉर्डातल्या आया शेवंती मावशींनी मला हळदकुंकू वाहिले. "नवी वस्तू आहे, असंच कसं बसायचं?" कौतुक तेवढेच. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "आम्ही नोकरीभर उभ्या राहिलो. आणि तुम्ही बसलात की नातेवाईक मोबाइल काढून फोटो घेतात. मागच्या फोटोचा खुलासा मला द्यावा लागला होता." त्याच संध्याकाळी मी या खोलीत आले.

मॅडम मात्र येण्याआधी फोन करीत. वॉर्डात न कळवता जाणे त्यांना असभ्य वाटे. फोन आला की सिस्टरांची धावपळ सुरू होई.

"मावशी, खुर्ची काढा! मॅडम येतायत."

"बस गं रुपाली, आज तुझा नंबर."

"अगं, औषधं वाटायचीयत."

"वाटू दोन मिनिटांनी. मॅडमचा अभ्यास पास व्हायला हवा ना!"

रुपाली माझ्या टोकावर बसे, पाठ ताठ, परीक्षेला बसल्यासारखी. बरे वाटते का, असे मॅडमनी विचारले की हसून "खूप!" म्हणे. मॅडम गेल्या की मी पुन्हा कुलपाआड. चुकीचे निरीक्षण नोंदले जात असताना तिथेच असावे आणि एक शब्द बोलता येऊ नये, यालाच मी कोंडले जाणे म्हणते. त्यापुढे कुलूप किरकोळ आहे.

मॅडमना शंका आली ती दर भेटीत घोटे मोजायच्या मोजपट्टीमुळे. सगळ्यांना बरे वाटत होते, पण रुपालीच्या घोट्यांची सूज होती तेवढीच होती. माणसे मन राखतात. मोजपट्टी राखत नाही. एके दिवशी त्या फोन न करता आल्या. त्यांचा आवाज मला दारापलीकडून ऐकू आला.

"रुपाली, खुर्ची कुठे आहे?"

"आत आहे, मॅडम. आज तुमचा फोन नाही आला ना."

"म्हणजे मी नसताना कुणी बसतच नाही?"

"तुमच्यासाठी बसायचो ओ. तुम्ही आपल्यातल्याच. तुमचं काम चांगलं दिसावं म्हणून."

"अगं वेडे, खुर्चीने भागतं असं मी लिहिलं असतं, तर तुझ्या जोडीला दुसरी सिस्टर कधीच आली नसती."

मग रुपालीने विचारले, "आता काय करणार?"

"जे झालं तेच लिहिणार. फोन न करता यायला हवं होतं, तेही लिहिणार."

आणि त्यांनी लिहिले. आधीची सर्व निरीक्षणे बाद केली. खुर्ची होती, बसण्याची मुभा नव्हती, आणि बसलेलीचे काम पाहायला दुसरे कोणी नव्हते, असा निष्कर्ष मांडला. प्रशासनाने त्यातला सोयीचा भाग उचलला: खुर्ची वापरात नाही, सबब कायमची चादरींच्या खोलीत ठेवावी. नव्या सिस्टरची मागणी मात्र त्यांना बंद करता आली नाही. ती अजून विचाराधीन आहे. खरे बोलण्यातून निघालेले फळ एवढेच, आणि ते मोठे आहे असे मी म्हणणार नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असा माझा आग्रह नाही. मी लोखंडाची आहे, टिकेन. पण तुमच्या घरचे कोणी आजारी असेल आणि वॉर्डात एखादी सिस्टर बसलेली दिसली, तर ती काम टाळते आहे असे ठरवण्याआधी तिच्या पायांकडे पाहा. तिला उठवू नका. भिंतीपलीकडे आत्ता रुपाली सिस्टरच्या चपलांचा आवाज येतो आहे. सकाळपासून तो थांबलेला नाही.