दुपारची काडी

टुंपानं पुढे वाकून फुंकर मारली आणि सासूच्या हातातली पेटती काडी विझवली.

"मा, दुपार आहे."

खिरोदानं काळी पडलेली काडी चुलीपाशी टाकली. "चहाच तर करत होते. एका कपानं काय जंगल पेटणार आहे?"

"ते आले की टोपभर करा. आत्ता नको."

ते म्हणजे नीताई, खिरोदाचा एकुलता मुलगा. चैत्र लागताच टोळीबरोबर मध काढायला नदीपलीकडच्या जंगलात गेला होता. टुंपा माघात या घरात आली. मधाचा हा तिचा पहिलाच मोसम. पुरुष जंगलात असेपर्यंत घरच्या बाईनं केसांना तेल लावायचं नाही, अंगाला साबण लावायचा नाही, दुपारी चूल पेटवायची नाही, दाराला कडी घालायची नाही. टुंपा हे सगळं पाळत होतीच, वर स्वतःच्या पदरचीही भर घालत होती. मिरची परतणं बंद, मोठ्यानं हसणं बंद. डोक्यात उवा झाल्या तरी कंगवा छपरात खोचलेला होता.

गावाचा हिशेब सोपा होता. माणूस परत आला की ती जंगलाच्या देवीची, बोनबीबीची कृपा. नाही आला की बायकोची चूक. अशा हिशेबात देवीला कधी खोट बसत नाही. खिरोदाचा नवरा बिष्टुपद गेला आणि त्याचा नुसता गमछा परत आला, तेव्हा गावानं तिला एकच विचारलं, काय मोडलंस? तिचंही उत्तर एकच होतं, "मी काही मोडलं नाही. मोडलं ते तिनं." तेव्हापासून खिरोदा देवीच्या ओट्याकडे फिरकली नव्हती आणि गावानं तिला देवीच्या खिरीला हात लावू दिला नव्हता. फिट्टंफाट झाली होती.

दार उघडंच होतं. अणिमापिशी न विचारता आत आली. पिशी म्हणजे आत्या; ही बिष्टुपदची बहीण, खिरोदाची नणंद. जेवण पचावं म्हणून ती रोज भर दुपारी बांधावरून चक्कर मारी आणि कोणाच्या छपरातून धूर निघतो ते पाही. आज तिनं चुलीकडे पाहिलंच नाही. मटकन बसली.

"खेकडेवाले आलेत आत्ता, ओहोटीमुळे होडी खाडीच्या तोंडाशीच सोडून. काल मधाच्या कुठल्याशा टोळीतला एक जण मामानं नेला."

वाघाचं नाव या गावात कोणी घेत नसे.

"कोण?" खिरोदानं विचारलं.

"त्यांना नाव नाही कळलं. लांबून कोणी ओरडलं, तेवढंच ऐकलं. मागून इंजिनाची होडी येतेय, भरती चढली की. नाव तिच्यावर येईल." मग टुंपाचा चेहरा पाहून तिनं सूर बदलला. "तू कशाला घाबरतेस गं? तू तर अगदी नेमानं राहिलीस. घाबरायचं ते न पाळणाऱ्यांनी." शेवटचे शब्द तिनं वहिनीकडे पाहत उच्चारले आणि घाटावर पुढची जागा मिळावी म्हणून लगबगीनं उठली.

खाडीत पाणी नव्हतं. उघड्या चिखलात होड्या कलंडून पडल्या होत्या. टुंपा उंबऱ्यावर बसली. एवढ्या उकाड्यात तिचे दात वाजत होते. एकेक बोट दुमडत ती पुटपुटत होती: तेल नाही, साबण नाही, कडी नाही. बोटं संपली की पुन्हा पहिल्यापासून.

"बौमा, घोटभर पाणी पी." खिरोदा सुनेसाठी तांब्या घेऊन आली.

"मा, तुम्ही खरंच सगळं पाळलं होतं?"

खिरोदा तिच्याशेजारी बसली. "सगळं."

टुंपानं तिचा गुडघा धरला. "सगळं? मग बाबा कसे गेले? तुम्ही पाळूनही ते गेले, तर मी पाळून काय होणार?" तिचा आवाज अगदी खाली गेला. "मग तिकडे त्यांना राखायला कोणीच नाही का?"

हे वाक्य खिरोदाच्या ओळखीचं होतं. एवढी वर्षं ती रोज त्याच्याबरोबर उठत होती. ते मोठ्यानं मात्र तिनं कधी कोणाला ऐकवलं नव्हतं. गुडघ्यावरच्या हाताची नखं कातडीत रुतत चालली होती.

"साबण लावला होता," खिरोदा म्हणाली.

"काय?"

"अंगाला फार खाज सुटली होती. तळ्यावर कोणी नव्हतं. लावला."

त्या मोसमात घरात साबणाची वडीच नव्हती. पण टुंपा तेव्हा या घरात कुठे होती?

गुडघ्यावरचा हात हळूच निघून गेला. टुंपा थोडी सरकून बसली. तिचे दात वाजायचे थांबले होते.

"आणि एवढी वर्षं बोल देवीला लावलात?"

"लावला."

"मी नाही लावला साबण."

"माहीत आहे."

"म्हणजे त्यांना काही होणार नाही."

खिरोदानं तांब्या तिच्याकडे सरकवला. "नाही होणार."

टुंपानं तांब्या उचलून तोंडाला लावला आणि रिकामा केला. दिवेलागणीच्या आत हे पिशीच्या कानावर जाणार, हे खिरोदाला ठाऊक होतं. चिखलावरून पाणी सरकत वर आलं, एकेक होडी सरळ झाली. मग वळणापलीकडे इंजिनाची धडधड ऐकू आली. टुंपा उठली आणि मागे न पाहता घाटाकडे धावली.

खिरोदा उंबऱ्यावरच बसून राहिली. चुलीपाशी ती काळी काडी पडली होती. बातमी कालची, काडी आजची, तिनं मनाशी मांडून पाहिलं. जाळ लाकडाला लागलासुद्धा नव्हता. आणि तिचा तर यातल्या कशावरच विश्वास नव्हता. हिशेब चोख होता. तरी ती गुडघ्यांवर सरकत गेली, काडी उचलली आणि कुठे लपवावी ते शोधू लागली. चुलीत नको. छपरात नको. घाटावरून आता रडणं ऐकू येईल, ते कोणाच्या आवाजात असेल, इकडे तिचा कान होता.

रडणं आलं नाही. पावलं आली, धावत.

"मा, आपला नाही. पलीकडच्या बेटावरचा कोणीतरी. आपली टोळी त्यांच्याही पुढे गेलीय म्हणे, आणखी आत."

टुंपा धापा टाकत हसत होती. मग तिला काही आठवलं आणि तिचं हसू आवरलं गेलं. सासूला हात न लावता ती दारातच थांबली.

"त्याच्या बायकोनं काहीतरी मोडलं असणार," ती म्हणाली.

तिनं काही मोडलं नसेल, हे खिरोदाच्या अगदी ओठांवर आलं होतं. आणखी आत, टुंपा म्हणाली होती.

"असेल," खिरोदा म्हणाली आणि काडी धरलेला हात पाठीमागे नेऊन तिनं मूठ घट्ट मिटली.